आधार विकता येतो का?

विहिरीचे पाणी खाली गेले की आपण आधी पावसाला बोल लावतो, आणि पाऊस बरा झालेला असला तर शेजाऱ्याच्या पंपाला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात ग्रीन काउंटी नावाचा एक डोंगराळ जिल्हा आहे. तिथल्या शेतकऱ्याला आणखी एकीकडे पाहावे लागते, ते म्हणजे स्वतःच्या पायाखाली. वर गवत, गाई, घर आणि झरा, तर खाली दीड-दोनशे मीटरवर कोळशाची खाण. खाण शेताखालून पुढे सरकते आणि पणजोबांच्या काळापासून वाहणारा झरा एखाद्या दिवशी थांबतो. कोणी चोरी केली म्हणावे, तर तसेही नाही. कंपनीकडे कागद असतो, आणि त्या कागदावर त्याच शेताच्या शंभर वर्षांपूर्वीच्या मालकाची सही असते.

हा प्रश्न तिकडचा असला तरी धर्मग्रामाच्या पत्रिकेत मांडावासा वाटतो, कारण मुळात तो कोळशाचा नाही. जे माझे आहे ते विकण्याचा मला अधिकार आहे, हे आपण सगळेच मानतो. पण माझ्या जमिनीखाली जे आहे, ज्याच्यावर माझी आणि शेजाऱ्याचीही जमीन टेकलेली आहे, ते मला विकता येते का? आणि विकलेच, तर घेणाऱ्याचा व्यवहार त्या सहीने निर्दोष होतो का?

आधी खाली काय घडते ते पाहू. जुन्या पद्धतीच्या खाणीत कोळसा काढताना मधे कोळशाचेच खांब ठेवीत. वरची जमीन त्या खांबांवर उभी राही. नव्या पद्धतीला लाँगवॉल म्हणतात. तीन-चारशे मीटर रुंद आणि कित्येक किलोमीटर लांब असा कोळशाचा एक पट्टा आखतात. एक यंत्र त्या रुंदीभर मागेपुढे फिरत कोळसा तासत जाते. कामगारांच्या डोक्यावर पोलादी आधारांची रांग असते. यंत्र पुढे गेले की ही रांगही पुढे सरकते, आणि तिच्या मागचे छत मुद्दामच कोसळू दिले जाते. हा अपघात नव्हे, ही पद्धतच आहे. माणसाच्या दृष्टीने ती जुन्या पद्धतीपेक्षा अधिक सुरक्षित आहे आणि तिने जवळजवळ सगळा कोळसा निघतो, ही तिची बाजूही सांगितली पाहिजे.

छत कोसळले की त्याच्या वरचे खडक तडकतात, त्यांच्या वरचे वाकतात, आणि अखेर भूपृष्ठ बशीसारखे खाली बसते. तिकडच्या थराची जाडी साधारण पावणेदोन मीटर आहे आणि वरची जमीन मीटरभर किंवा त्याहून जास्त खचते. बशीच्या कडेला जमीन ताणली जाते, मध्यभागी दाबली जाते. पाणी मात्र या खडकांच्या फटींतून आणि थरांतूनच वाहत असते. जिथे ताण पडतो तिथे फटी रुंदावतात आणि पाणी खालच्या थरात निसटते. डोंगराच्या वरच्या अंगाचा झरा आटतो आणि कधी कधी तेच पाणी पार खाली, दुसऱ्याच्या शेतात, उगवते. ओढ्याच्या तळाला भेगा पडल्या की वाहता ओढा मधेच जमिनीत जिरतो. जिथे तळ खचला तिथे उतार बिघडून पाणी साचते. वाहत्या पाण्यातले किडे आणि मासे साचलेल्या पाण्यात जगत नाहीत. काही विहिरी महिन्यांनी, वर्षांनी पुन्हा भरतात, कारण फटी हळूहळू बुजतात. काही कधीच भरत नाहीत. कोणती विहीर कोणत्या गटात जाईल, हे खाण येण्याआधी खात्रीने सांगणे फार कठीण असते.

याच जिल्ह्यात रायर्सन स्टेशन नावाचे सरकारी उद्यान आहे. तिथे १९६० मध्ये एका ओढ्यावर धरण बांधून सुमारे पंचवीस हेक्टरांचे तळे केले होते. ड्यूक लेक हे त्याचे नाव. गावोगावची कुटुंबे तिथे मासे धरायला, होड्या वल्हवायला येत. २००५ च्या जुलैमध्ये धरणाला तडे गेलेले दिसले आणि सुरक्षिततेसाठी तळे रिकामे करावे लागले. जवळच लाँगवॉल खाण चालू होती. राज्य सरकारने खाणीला जबाबदार धरून २००८ मध्ये दावा लावला. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण २०१३ मध्ये तडजोड झाली आणि ३ कोटी ६० लाख डॉलर देण्याचे ठरले. लोकांना वाटले, आता तळे परत येणार. पण २०१५ मध्ये सरकारने जाहीर केले की धरण पुन्हा बांधता येणार नाही, कारण त्या जागेची जमीन अजून हलते आहे. पैसे आले, पण ते ज्यासाठी मागितले होते ते परत आणणे पैशांच्या हातात राहिले नव्हते.

आता त्या कागदाकडे येऊ. पेनसिल्व्हेनियात जमिनीची मालकी तीन तुकड्यांत विकता येते. वरची जमीन एकाची, खालचा कोळसा दुसऱ्याचा, आणि तिसरी एक विलक्षण मालमत्ता: आधार. म्हणजे वरच्या जमिनीला खालून टेकू मिळण्याचा हक्क. हाही वेगळा काढून विकता येतो. जगात इतरत्र कायदा असा तुकडा पाडीत नाही असे तेथील वकील अभिमानाने किंवा खेदाने सांगतात. पिट्स्टन गावातील एका घराची जागा १८७८ मध्ये कोळसा कंपनीने विकली, तेव्हा खतात लिहून घेतले होते की खालचा सगळा कोळसा काढण्याचा हक्क कंपनीचा राहील, धोका घेणाऱ्याचा, आणि नुकसानीबद्दल त्याची कसलीही मागणी राहणार नाही. पुढे गावेच्या गावे खचू लागल्यावर राज्याने १९२१ मध्ये घरांखालून असे खाणकाम करायला बंदी केली. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. १९२२ मध्ये न्यायमूर्ती होम्स यांनी निकाल दिला: घरमालकाने आधार विकत घेतलाच नव्हता, आता कायदा करून तो त्याला फुकट देता येणार नाही. न्यायमूर्ती ब्रँडाइस एकटे विरोधात राहिले. लोकांना अपाय होईल अशा तऱ्हेने मालमत्ता वापरण्याचा हक्क मुळात कोणालाच नसतो, अशी त्यांची भूमिका होती.

पुढे १९६६ च्या कायद्याने घरे, चर्च, शाळा, इस्पितळे आणि दफनभूमी यांच्याखाली कोळशाचा आधार ठेवणे सक्तीचे झाले, आणि १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरला. त्या खटल्यात एक बोलका आकडा नोंदला गेला. तक्रारदार कंपन्यांच्या कोळशापैकी सुमारे ९० टक्के कोळसा १८९० ते १९२० या तीस वर्षांत जमिनीपासून अलग करून विकला गेला होता. म्हणजे आज ज्यांच्या विहिरी आटतात त्यांच्या जन्माआधीच विक्री झालेली होती. आणि विकणाऱ्या शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे फावडे, कुदळ आणि मधे ठेवलेले खांब होते. सगळे छत पाडून टाकणारे यंत्र त्याने स्वप्नातही पाहिलेले नव्हते. त्या कायद्याच्या यादीत मृतांच्या कबरी होत्या, शेतातला झरा नव्हता, हेही जाता जाता नोंदवावेसे वाटते.

झऱ्याची पाळी १९९४ मध्ये आली. नव्या कायद्याने कंपनीवर बंधन घातले की पाणी बिघडवले तर ते पूर्ववत करावे किंवा दुसरे पाणी द्यावे. ते जमलेच नाही तर भरपाई देऊन वा मालमत्ता विकत घेऊन मिटवावे. पण त्याच कायद्याने जुन्या घरांखाली आधार ठेवण्याची सक्ती सोडून दिली. थोडक्यात, ‘इजा करू नका’ हा नियम जाऊन ‘इजा करा आणि भरून द्या’ हा नियम आला. पुष्कळांना हा व्यवहार वाजवी वाटला. मलाही पहिल्या वाचनात तो वाजवीच वाटेल असा आहे. कोळसा निघतो, वीज मिळते, खाणकामगाराला पगार आणि म्हातारपणी निवृत्तिवेतन मिळते, शेतकऱ्याला पाणी मिळते. मग बिघडले काय?

हा पक्ष हलका लेखू नये. खाणकामगारांच्या घामावर त्या प्रदेशातील कितीतरी कॅथोलिक धर्मग्रामे उभी राहिली. पोलंड, स्लोव्हाकिया, इटली येथून आलेल्या खाणकामगारांनी आपल्या तुटपुंज्या मजुरीतून चर्च बांधली. खाण बंद करा असे लांबून म्हणणे सोपे असते. ज्याच्या घरी तिच्यावर चूल पेटते त्याला तसे सांगायला आपण जाणार नाही.

पण जुन्या करारातील नाबोथाची गोष्ट आठवा. अहाब राजाला त्याचा द्राक्षमळा हवा होता. राजाने प्रथम बळ वापरले नाही, हे आपण पुष्कळदा विसरतो. त्याने रीतसर देकार ठेवला: याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत देतो. बदली पाणी किंवा पैसे, हाच तो १९९४ चा देकार. नाबोथाने नकार दिला. किंमत कमी होती म्हणून नव्हे, तर तो मळा पूर्वजांकडून आलेला वारसा होता म्हणून. मागच्यांनी दिलेले आणि पुढच्यांना द्यायचे असे जे असते, त्याचा मधला माणूस राखणदार असतो. त्याला ते विकून टाकण्याची मोकळीक नसते. खुनाचे पाप नंतर आले. पण राजाचे चुकायला सुरुवात झाली ती, सगळ्याला किंमत असतेच असे त्याने गृहीत धरले तिथे.

पाण्याच्या बाबतीत तर नाबोथाचा मुद्दा आणखी पक्का होतो. मळ्याला निदान बांध असतो. भूगर्भातल्या पाण्याला बांध नाही. माझ्या जमिनीखालून आज जाणारे पाणी उद्या शेजाऱ्याच्या विहिरीत असते आणि परवा ओढ्यात. १८९५ साली एखाद्या शेतकऱ्याने आधार विकला, तेव्हा त्याने स्वतःची जोखीम पत्करली असे फार तर म्हणता येईल. खालच्या अंगाच्या शेजाऱ्याची, ओढ्याच्या काठच्या गावाची आणि आपल्या पणतूची जोखीम पत्करायला त्याला कोणी सांगितले होते? त्यांची सही त्या कागदावर नाही. ज्यांना विचारलेलेच नाही त्यांचे पाणी कराराने कसे सुटेल?

ख्रिस्तसभेची शिकवण इथे पुरेशी स्पष्ट आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात फरक करून दाखवला की वस्तूची व्यवस्था पाहण्यासाठी ती स्वतःची म्हणून बाळगणे योग्य आहे, पण वापराच्या बाबतीत माणसाने ती सर्वांची आहे असे धरून गरजवंताला वाटा दिला पाहिजे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८७ च्या सामाजिक परिपत्रकात खाजगी मालमत्तेवर समाजाचे गहाण असते ही कल्पना पुन्हा मांडली. गहाण पडलेली जमीन कसता येते, पण सावकाराला न विचारता मोडून खाता येत नाही, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’मध्ये पिण्याचे शुद्ध पाणी मिळणे हा मानवाचा मूलभूत हक्क मानला. हक्क जर माणूस म्हणून मिळतो, तर पणजोबाच्या सहीने तो जात नाही.

यहेज्केल संदेष्ट्याने धष्टपुष्ट मेंढरांना खडसावले ते प्रकरण इथे वाचून पाहावे. त्यांनी स्वच्छ पाणी प्यायले हा त्यांचा अपराध नव्हता. पिऊन झाल्यावर उरलेले पाणी पायांनी गढूळ केले आणि दुबळ्या मेंढरांना ते प्यावे लागले, हा अपराध होता. संदेष्टा वापराला आडवा येत नाही. आपल्यानंतर प्यायला येणारा कोणी आहे, हे विसरण्याला तो पाप म्हणतो.

मग भरपाईचे काय? सातव्या आज्ञेसंबंधी शिकवताना परतफेडीवर ख्रिस्तसभेचा भर असतो. चोरी केली, पापनिवेदन केले, एवढ्याने भागत नाही, घेतलेले परत करावे लागते. ते अशक्य असेल तर त्याच्या मोलाचे काही द्यावे लागते. विहीर आटलेल्या शेतकऱ्याच्या अंगणात कंपनी पाण्याची मोठी टाकी आणून ठेवते, ट्रकने ती भरते, कधी नळाची जोडणी देते. लिटरांचा हिशेब मांडला तर परतफेड झाली. पण झऱ्याला पंप लागत नव्हता, वीज लागत नव्हती, बिल येत नव्हते. गाई आपणहून पाण्यावर जात. टाकी कोणीतरी भरायची थांबवू शकतो. झरा असताना तो माणूस कोणाचा मिंधा नव्हता, टाकीने तो मिंधा झाला. हे नुकसान कोणत्याही पावतीत मावत नाही. शिवाय ओढ्यातल्या किड्यामाशांना टाकी कोण आणून देणार? परतफेड जिथे शक्यच नाही, तिथे ‘आधी इजा, मग भरपाई’ हा नियम नीतीने टिकत नाही असे माझे मत आहे. तिथे आधीच थांबावे लागते. सगळीकडे नव्हे, पण ओढ्याच्या तळाखाली, पाणवठ्याखाली, धरणाच्या आसपास तरी कोळशाचा एखादा पट्टा जागच्या जागी सोडून द्यावा लागतो.

हे सारे दूरचे वाटत असेल तर दोन गोष्टी सांगतो. ग्रीन काउंटीच्या खाणींतला काही कोळसा अलीकडच्या वर्षांत बाल्टिमोर बंदरातून जहाजाने भारतात आलेला आहे आणि येथील वीटभट्ट्यांतही जळला आहे. दुसरी गोष्ट आणखी जवळची. १९९९ पासून चंद्रपूरहून भिवंडी तालुक्यातील पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटरची उच्चदाबाची वीजवाहिनी आहे. विदर्भात कोळशावर तयार झालेली वीज तिच्यातून आपल्या बाजूला येते. तो कोळसा आता बहुतांशी उघड्या खाणींतून निघतो, पण चंद्रपूर आणि नागपूर जिल्ह्यांत भूमिगत खाणीही पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे जुन्या भूमिगत खाणीवर वसलेल्या अमराई वॉर्डात एक अख्खे घर बघता बघता जमिनीत गेले. आसपासच्या कुटुंबांना घरे सोडून बाहेर पडावे लागले. आपल्याकडे कोळसा सरकारच्या मालकीचा आहे, आणि १९५७ च्या कायद्याने सरकारला वरची जमीन न घेता केवळ खालचे खाणकामाचे हक्कही घेता येतात. पोकळी नदीच्या वाळूने भरून काढण्याची पद्धत आपल्या खाणींत आहे. तिने जमीन सावरते खरी, पण ती वाळू कुठल्यातरी नदीच्या पात्रातून उचलावी लागते, म्हणजे एका पाण्याला वाचवायला दुसऱ्याकडून उसने घ्यावे लागते.

आपल्या कायद्यात एक गंमत आहे. १८८२ चा सुविधाधिकारांचा कायदा सांगतो की प्रत्येक जमीनमालकाला शेजारच्या आणि खालच्या जमिनीकडून नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क आहे. त्याच कलमात थोडे पुढे असेही सांगितले आहे की ठराविक प्रवाहातून न वाहणारे आपल्या जमिनीखालचे पाणी मालकाने हवे तसे साठवावे, काढावे. माती खचू देऊ नका, पाणी मात्र उपसा, असा त्याचा अर्थ झाला. महाराष्ट्राने २००९ च्या भूजल कायद्याने या मोकळिकीला काही आवर घातला आहे, पण मनातला कायदा अजून १८८२ चाच आहे.

वसईत कोळसा नाही. पण माझ्या वाडीतली विहीर माझी, तिचे पाणी मी टँकरला विकीन, नाहीतर आणखी काही करीन, हे वाक्य आपल्या कानांना नवे नाही. टँकर भरत गेले, खालचे गोडे पाणी उपसले गेले, समुद्राचे खारे पाणी त्याच्या जागी सरकले आणि पाणी न विकणाऱ्या शेजाऱ्याच्या विहिरीचेही पाणी खारे झाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली तेव्हा तिच्या मुळाशी हेही दुखणे होते. टँकरच्या पैशात शेजाऱ्याच्या पाण्याची किंमत धरलेली नव्हती. त्याला कोणी विचारलेही नव्हते.

अशा व्यवहारात ज्याचे नुकसान झाले तो नेमका कोण, हे पुष्कळदा सांगता येत नाही. जुन्या नीतिशास्त्रज्ञांनी याचाही विचार केला आहे: ज्याला परत द्यायचे तो सापडत नसेल, तर ते स्वतःकडे ठेवता येत नाही, गरिबांना किंवा सर्वांच्या उपयोगाच्या कामाला द्यावे लागते. पाण्याच्या बाबतीत असे काम शोधायला लांब जायला नको. आपल्या धर्मग्रामात अजून काही बावखले शिल्लक आहेत. त्यांतली बरीच गाळाने भरली आहेत, एकदोन तर भरणी टाकून बुजवण्याच्या बेतात आहेत. चर्चच्या आणि शाळेच्या कौलांवरून पडणारे पावसाचे पाणी आज गटारात जाते. ते आवारातल्या विहिरीत सोडायला पन्हळ, एक गाळणटाकी आणि चार दिवसांची मजुरी पुरेल. पावसाला अजून अवधी आहे.